मावशीच्या दुकानाचं पान

प्रिय पिटुकले,

वीस वर्षांच्या, दातांची डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला अजून पिटुकली म्हणतात का, असं तू जाताना दारात म्हणालीस. म्हणतात. तुला चाळीस वर्षांनी कवळी लागली तरी म्हणेन.

'पोचले' हा तुझा निरोप मिळाला. एकच शब्द, पण मिळाला. खोलीतली जोडीदारीण घोरते का? खिडकीचं दार दुरुस्त झालं का? इथे तुझा निळा टॉवेल राहिलाय आणि अर्धी टूथपेस्ट. टोपण न लावता ठेवलेली, दातांच्या डॉक्टरीणबाई. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, मुलगी गेली का म्हणून. दुसऱ्यांदा मी जरा तुटकच बोलले. ऑफिसला आज सुट्टी टाकली आहे आणि सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन घेऊन बसले आहे. तुला नवल वाटेल. मी सहीशिवाय हाताने काही लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. पण फोनवर तू मध्येच 'बरं' म्हणतेस आणि माझी गाडी तिथेच अडते. आणि पडद्यावर लिहिलं तर मी पुसत बसेन. नको असलेलं पटकन पुसायची सवय मला धंद्यानेच लावली आहे.

तुला माहीत असलेलंसुद्धा मी आज पहिल्यापासून सांगणार आहे. कारण माझ्या बाजूने ते मी तुला कधी सांगितलेलंच नाही.

तू दहा वर्षांची असताना तुझे बाबा आणि मी वेगळे झालो. शाळा बाबांच्या घराजवळ, माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्या काळात मी रोज आठ-आठ वाजेपर्यंत लोकांच्या वेबसाइट बांधत बसलेली. तू पाच दिवस बाबांकडे आणि शनिवार-रविवार माझ्याकडे, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. कागदावर ते फार शहाणपणाचं दिसत होतं. वर्षभरात बाबा कोटाचं अस्तर बदलायला एका दुकानात गेले आणि संसारच बदलून आले. हे वाक्य मी मैत्रिणींना हसत सांगायचे. दात-ओठ खात हसता येतं, हे तुमच्या कॉलेजात शिकवणार नाहीत.

तू तिला मावशी म्हणायला लागलीस. मी तिला मनातल्या मनातसुद्धा 'ती' म्हणायचे, कारण नाव घेतलं की माणूस खरं होतं. ती नवे कपडे शिवत नाही, जुने दुरुस्त करते, हे मला तुझ्याकडूनच कळलं. कळायला वेळ लागला नाही म्हणा. शनिवारी तू यायचीस तेव्हा तुझ्या कपड्यांची सगळी बटणं जागेवर असायची. एकदा तुझ्या तपकिरी जाकिटाचं एक बटण लोंबकळताना दिसलं, तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तासभर सुईशी झटून ते मी स्वतः लावलं. पुढच्या शनिवारी पाहते तर ते पुन्हा लावलेलं. त्याच रंगाच्या दोऱ्याने, इतकं बेमालूम की जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते सांगता येऊ नये. ती तुला त्याबद्दल अक्षर बोलली नसणार. तेच तर मला सहन होत नव्हतं. टोमणा मारला असता तर मलाही चार मारता आले असते.

आणि तुझं ते 'मावशी म्हणते'! मावशी म्हणते, ओल्या केसांनी बाहेर जाऊ नये. मावशी म्हणते, रागात असताना कात्री हातात धरू नये. एका रविवारी मी मोजलं. जेवणापासून तुला बसमध्ये बसवेपर्यंत अकरा वेळा.

माझ्याकडे तुला देण्यासारखं काय होतं? माझं काम. तू तेरा वर्षांची असताना मी मोठ्या उत्साहाने तुला कॉम्प्युटरपुढे बसवलं. हा एक चौकोन, ह्याला रंग द्यायचा, ह्याला बाजूने मोकळी जागा सोडायची, पडदा लहान झाला की ह्याने ह्याच्याखाली जायचं. तू वीस मिनिटं ऐकलंस, जांभई दिलीस आणि म्हणालीस, "आई, म्हणजे तू दिवसभर डबे इकडचे तिकडे करतेस?" मी हसले. खरं तर लागलं होतं. नंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही. तुझ्या शनिवार-रविवारवर मला शिकवणीचं ओझं टाकायचं नव्हतं.

म्हणून महिन्याभरापूर्वी तुझा संदेश आला, "आई, मी एक वेब पेज बनवलंय, मोबाईलवर सगळं बाहेर पळतंय, बघशील?" तेव्हा मी काय केलं असेल? उघडण्याआधीच ऑफिसात तिघांना सांगितलं. माझ्या मुलीने स्वतःच्या स्वतः शिकून पान बनवलंय! आमचे साहेब खुर्ची ओढून जवळ आले. आणि सगळ्यांच्या देखत मी ते उघडलं. वरच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कपडे दुरुस्ती. आता नव्या जागी.'

मला माहीत होतं की तिची मोठ्या रस्त्यावरची इमारत पाडली, दुकान मागच्या गल्लीत गेलं आणि जुनी गिऱ्हाइकं वाट चुकून परत जातात. तूच सांगितलं होतंस. पण त्यासाठी तू दोन आठवडे बसून, मी देत असताना जी विद्या तुला नको होती तीच विद्या शिकलीस, हे मला त्या क्षणी कळलं. साहेब म्हणाले, "छान आहे की." मी म्हटलं, "नवशिकी आहे, बरीच सुधारणा हवी."

ते खोटं नव्हतं. पानाची रुंदी तू बाराशे पिक्सेल अशी खिळे ठोकून बसवली होतीस. मोठ्या पडद्यावर ते शोभून दिसायचं, फोनवर मात्र अक्षरांच्या मुंग्या व्हायच्या. फाटका कोट, उसवलेली बाही, शिवल्यावरचा कोट, हे तीन फोटो एका ओळीत असे अडकवले होतेस की पान मोठं करून वाचायला जावं तर तिसरा कडेच्या बाहेर जाई. फोन करायचं बटण एका पाटलोणीच्या गुडघ्यावर चढून बसलं होतं. आणि 'हे महत्त्वाचं आहे' असा शिक्का सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, तू सतरा ठिकाणी मारला होतास. सगळंच महत्त्वाचं झालं की ब्राउझर सगळ्यात शेवटी बोलणाऱ्याचं ऐकतो, आपल्या घरातल्यासारखंच.

त्या रविवारी तू आली नव्हतीस; जेवणानंतर मी ते घरी नीट उघडून बसले. तुझ्या सीएसएसमध्ये मधूनमधून तू स्वतःसाठी टिपणं लिहिली होतीस. ती पानावर दिसत नाहीत, आत शिरणाऱ्यालाच दिसतात. 'अक्षर मोठं, मावशीला चष्म्याशिवाय वाचता यावं.' 'हा निळा म्हणजे मावशीच्या मशीनचा निळा, बदलू नये.' 'इथे जागा मोकळी सोड, मावशीला गर्दी आवडत नाही.' त्या शेवटच्या टिपणाशी मी किती वेळ थांबले होते कोण जाणे. मला गर्दी आवडते की नाही, पिटुकले, हे कधी कुणी कुठे लिहून ठेवलंय का?

आणि मग फोटोंच्या खालचा तो मजकूर. 'माझी आई गेली बावीस वर्षं कपडे दुरुस्त करते. टाकून देण्याआधी एकदा तिला दाखवा.' तुला हसू येईल, पण पहिलं वाक्य वाचून मला वाटलं, हिने माझ्याबद्दल काय हे भलतंच लिहिलंय, मी कुठे कपडे दुरुस्त करते? माझ्या डोक्यात त्या शब्दाला दुसरं माणूसच नव्हतं. दुसरं वाक्य अर्धं वाचून झाल्यावर उजेड पडला.

त्या दुपारी मी तुझं पान सुधारलं असं मी तुला सांगितलं. सुधारलं नाही, पाडलं. पाया खणून नवं बांधलं. सरकणारे फोटो, सावल्या, हळूच उघडणारा मेन्यू. वीस वर्षांत शिकलेलं सगळं मी त्या एका दुरुस्तीच्या दुकानावर ओतलं. तुझी टिपणं काढून टाकली, पसारा नको म्हणून. निळासुद्धा बदलला, त्याहून चांगला निळा मला माहीत होता म्हणून. तुझ्याच पासवर्डने ते चढवलं आणि तुला कळवलं. तुझं उत्तर आलं, "मस्त झालंय. माझं काही उरलं नाही त्यात, पण मस्त झालंय." मी त्यातले पहिले दोन शब्दच वाचले.

तीन दिवसांनी तू बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस. डोळे सुजलेले. चपलासुद्धा न काढता तू सांगितलंस, की पानावर आता 'माझी आई'च्या जागी 'माझी मावशी' आहे. तू तिला विचारलंस, आणि ती शांतपणे म्हणाली, "हो, मीच तुझ्या आईला सांगून बदलून घेतलं. लोकांचा उगाच गोंधळ नको. तुझी आई ती आहे." तू म्हणालीस, "नऊ वर्षांनी एकदा म्हणायचं धाडस केलं, तेही तोंडाने नाही, लिहून. आणि तिने खोडून टाकलं. तिला मी नकोय, आई." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. चहा टाकला. तू विचारलंस, "तिने तुला काय सांगितलं गं?" मी म्हटलं, "जाऊ दे आता, झालं ते झालं."

त्यानंतरचे तीन आठवडे! तुझी सुट्टी संपेपर्यंतचा एकेक दिवस मला पाठ आहे. मी पाच वाजता ऑफिसातून पळत यायचे. आपण खोलीला रंग दिला, तू माझ्या कपाटातले निम्मे कपडे मोडीत काढलेस, मला फोनवर गाणी कशी भरायची ते शिकवलंस. तिचा फोन यायचा आणि तू तो उलटा करून ठेवायचीस. एकदा तू मैत्रिणीशी बोलताना ऐकलं, "आई म्हणते, इतकं मनाला लावून घेऊ नये." आई म्हणते! मी ओट्याशी उभी होते. नळ तसाच वाहत राहिला. इतकं सुख मला गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं, आणि ते कुणाच्या जिवावर होत होतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

तू रविवारी गेलीस आणि सोमवारी सकाळी तिचा फोन आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता हिशेब मागणार. ती म्हणाली, "ताई, कामात नाही ना? एक विचारायचं होतं. पानावरचा माझा फोन नंबर कुठे गेला हो?"

काल जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या दुकानात गेले. गल्लीत किल्ल्या बनवणाऱ्याच्या मागे एक लांबट खोली आहे. एका भिंतीवर चिठ्ठ्या टाचलेले कपडे, खिडकीशी मशीन. तुझा निळा अगदी हुबेहूब होता, गं. माझाच चुकला. तिने आपला जुना फोन माझ्यापुढे धरला. काच एका कोपऱ्यात तडकलेली. माझे सरकणारे फोटो त्यावर सरकतच नव्हते, आणि मेन्यूच्या तीन रेघांवर बोट दाबलं तरी काही उघडत नव्हतं. नंबर त्या मेन्यूच्या पोटात. एक म्हाताऱ्या बाई कोट घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आधीचं पान कसंही होतं, पण नंबर तरी दिसायचा." माझं काम मी ऑफिसच्या पडद्यावर आणि माझ्या नव्या फोनवर तपासलं होतं. तिच्या फोनवर ते कसं दिसेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. तुझ्या तर टिपणाटिपणांत तिचे डोळे होते.

कापड बेतायच्या टेबलावर तिने जागा करून दिली. तुझ्या मूळ पानाची प्रत मी ठेवली होती. माझं सगळं खाली उतरवलं आणि तुझं परत चढवलं. मग जे मी त्या रविवारी करायला हवं होतं ते केलं. पानाच्या माथ्यावर एक ओळ घातली, म्हणजे फोन आपली खरी रुंदी मानतो. बाराशेच्या आधी 'जास्तीत जास्त' लावलं. फोटोंना सांगितलं, आपल्या चौकोनाबाहेर जायचं नाही. ओळीत जागा पुरली नाही तर एकाखाली एक उतरायची त्यांना मुभा दिली. आणि बटणाला त्या पाटलोणीवरून उतरवून मजकुराच्या खाली, सरळ रांगेत उभं केलं. पाच बदल. शिक्के सतराचे सतरा आहेत, ते तुझे तू काढ, हात बसेल. तिने फोन उभा धरला, आडवा धरला, पुन्हा उभा धरला, आणि म्हणाली, "आता अंगाला बसलं."

मग तिचं बोट खाली खाली गेलं आणि थांबलं. तुझं पान परत आल्यावर तुझा शब्दही परत आला होता. दोघींनी तो वाचला. मशीनवरचा कपडा सरळ करत ती म्हणाली, "ताई, तेवढं बदला पुन्हा. तुम्ही बदललं होतं तसं." मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाली, "तिने विचारलं तेव्हाच. मी सांगितलं नव्हतं, तिने केलं नव्हतं, मग उरलं कोण?" मग तिला खोटं का सांगितलंत? तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडे ती रोजची आहे. रुसेल, येईल. तुमचं शनिवार-रविवारचं. दोन दिवसांच्या नात्याला एवढं भांडण झेपत नाही, ताई." तिने हे उपकार केल्यासारखं म्हटलं असतं तर मी तिचा राग तरी केला असता. ती साधं, चेन अडकली आहे असं सांगावं तसं बोलली. आणि तुला खरं सांगू? त्या क्षणीसुद्धा मला आधी शरम नाही वाटली. हेवा वाटला. एवढं मन हिच्याकडे कुठून आलं, आणि मला का नाही, असा. शरम नंतर आली, परतीच्या रस्त्यात, आणि अजून गेलेली नाही.

तर पिटुकले, तो शब्द तिने खोडला नाही. मी खोडला. त्या रविवारी, चार वाजायच्या सुमारास. दोन अक्षरं काढली, तीन घातली. मांडणी दुरुस्त करायला दिलेल्या पानात मजकुराला हात लावायचा नसतो, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम मी नव्या पोरींना स्वतः शिकवते. तिने मला काही सांगितलं नव्हतं. आम्ही बोललोही नव्हतो. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून 'तिला मी नकोय' म्हणत होतीस तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, आणि मी चहात साखर घालत होते. एका वाक्याने तुझं रडू थांबलं असतं. ते वाक्य मी तीन आठवडे गिळलं, कारण तू माझ्याकडे राहावीस अशी माझी इच्छा होती. हे तुला सांगण्यासाठी पत्र लिहायला बसले आणि टॉवेल-टूथपेस्टपासून सुरुवात केली, यावरून काय ते ओळख. काल ती नको नको म्हणत असताना मी 'आई' तसाच ठेवला आहे. पान उघडून बघ, तिथेच आहे, फोटोंच्या खाली. माझा हेवा जाईल असं वचन देत नाही. तो बहुतेक राहील. पण यापुढे तो तुझ्या शब्दांना हात लावणार नाही. हे वाचून झालं की आधी तिला फोन कर. माझ्याशी कधी बोलायचं, ते तू ठरव.

रागावलीस तरी तुझीच,
आई